समोरच्या काकू आणि मयूचा बॅज

आमच्या समोरच्या काकूंनी आयुष्यात कोणाची वाटी रिकामी परत केली नव्हती. गोदावरीसुद्धा उन्हाळ्यात हात आखडता घेते; काकू नाही. भरून आलेली वाटी रिकामी परत देऊ नये ही रीत आपणही पाळतो, चिमूटभर साखर घालून मोकळे होतो. काकूंनी तिचं व्रत केलं होतं. माहेर सटाण्याकडचं, त्यामुळे वाटीत कधी डाळिंबाचे दाणे, कधी शेंगदाण्याची चटणी. घरात काहीच नसलं तर कढीपत्त्याची डहाळी. बरं, वाटीपुरतंच असतं तर ठीक. सिटी बसमध्ये कंडक्टरनं त्यांची पिशवी उचलून वर घेतली, तर उतरताना त्याच्या हातात दोन पेरू. त्या वेळी मजल्यावर फोन आमच्याकडेच होता. पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला की आम्ही हाक मारायचो आणि काकू आधी डबा उघडायच्या, मग दार. तिकडे मुलगा एसटीडी बूथवर "हॅलो, हॅलो" करतोय, मीटर पळतंय, आणि काकू आमच्या ओट्यावर चिवडा ओतताहेत. "थांबू दे त्याला," त्या म्हणायच्या, "तो कुठं पळून चाललाय?"

अशा बाईनं माझ्या मुलीला स्काउटचा बॅज मिळवून द्यायचं मनावर घेतलं, तिथंच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं. मयू तेव्हा तिसरीत होती आणि शाळेच्या बुलबुल पथकात, म्हणजे स्काउटमधल्या सगळ्यात धाकट्या मुलींत, नुकतीच गेली होती. पहिला प्रवेश बॅज मिळवायचा तर वचन पाठ हवं, दोरीची गाठ यायला हवी, आणि आठवडाभर घराबाहेरच्या कोणाला तरी रोज मदत करायची. बदल्यात काही घ्यायचं नाही. काकू नेमक्या तेव्हाच मोरीत घसरून उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसल्या होत्या. त्यांना तर आनंदच झाला. "दुसऱ्या दारी जायचं नाही," त्यांनी मयूला बजावलं. "माझा हात काय उगाच मोडलाय?"

मयू रोज सकाळी नळाचं पाणी भरून द्यायची, वाळलेले कपडे काढायची, शिकलेल्या गाठीनं काकूंची हाताची झोळी गळ्यात बांधून द्यायची. आणि येताना तोंड हलवत यायची. शनिवारी पथकाच्या बाईंनी रांगेत एकेकीला विचारलं, बदल्यात काही घेतलं का? आमची मुलगी हरिश्चंद्राची वंशज. तिनं चिक्कीपासून बोरांपर्यंत सगळं सांगून टाकलं आणि तो आठवडा बाद झाला. पुढच्या आठवड्यात तिनं "नको काकू, नको" म्हणून दोन्ही हात मागे धरले, तर काकूंनी डाव्या हातानं शेंगदाण्याचा लाडू तिच्या युनिफॉर्मच्या खिशात सरकवला. शनिवारी निळ्या फ्रॉकवर तेलाचा डाग बाईंना आधी दिसला, मयूला नंतर. बाकी सगळ्या मुलींना बॅज लागले. मयू घरी येऊन पलंगाखाली जाऊन बसली आणि जेवायलाही बाहेर येईना.

काकू तरातरा शाळेत गेल्या. मी मागे मागे. रागावल्या की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "हाई कुठली रीत शे?" त्यांनी बाईंना विचारलं. "पोरीनं राबायचं आणि मी बघत बसायचं?" बाई वयानं लहान होत्या, पण गडबडल्या नाहीत. "काकू," त्या म्हणाल्या, "तिला येतंय हो सगळं. तुम्हालाच घेता येत नाही. येत्या शनिवारपर्यंत जमवा, नाहीतर तिला पुढच्या वर्षीच." भांडायला जातानाही बाईंसाठी चिवड्याचा डबा नेला होता, तो काकूंनी तसाच परत आणला.

तो आठवडा काकूंनी कसा काढला ते मी पाहिलंय. मयू पाणी भरायची तेव्हा त्या डबे नजरेआड असावेत म्हणून गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "जीव नुसता कासावीस होतो गं. चोरी केल्यासारखं वाटतं." शुक्रवारी मयूनं स्वतः कालवलेला दहीभात वाटीत घालून त्यांना नेऊन दिला. संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू, डाव्या हातात वाटी, वर नेहमीसारखी ताटली. मी धास्तावून ताटली उचलली. वाटी रिकामी होती, घासून लख्ख केलेली. काकू खाली मान घालून म्हणाल्या, "आज काही घातलं नाही," आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मयूच्या छातीवर बॅज लागला. तिनं काकूंसमोर कडक सॅल्यूट ठोकला, काकूंनी डाव्या हातानं परत केला, आणि तासाभरात लाडवांचा मोठा डबा आमच्या ओट्यावर. "आता लागला ना बॅज? मग मागची बाकी घ्या."

पुढे मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला आणि काकूंना तिकडे नेलं. मयू तोवर कॉलेजात गेली होती. निघायच्या दिवशी त्या आमची वाटी परत द्यायला आल्या. सामान बांधलेलं, पण चार दाणे कुठेही मिळाले असते. वाटी रिकामी होती. मी चेष्टेनं म्हटलं, "काकू, आज कुठला बॅज?" त्या हसल्या नाहीत. "मुद्दामच घातलं नाही," म्हणाल्या. "सगळं फिटलं की येणंजाणं संपतं गं. थोडं राहू दे माझ्याकडं तुमचं." खाली रिक्षावाल्यानं त्यांची बॅग आत ठेवली. त्याला मात्र त्यांनी पेरू दिला.