कार्डरीडरचा कोड काढताना

ऐंशीच्या दशकात मी वर्ध्याच्या एका कॉलेजात संगणक विभागात होतो. आमच्याकडे एकच जुनं मशीन. ते चालू असेपर्यंत जो मूळ प्रोग्रॅम मेमरीत मुक्काम ठोकून असतो, त्याला कर्नल म्हणतात. विद्यार्थ्यांसाठी दोन टर्मिनलं, म्हणजे पडदा-कीबोर्डच्या जोड्या, वाढवायची होती; त्यांचा कोड कर्नलमध्ये घालायचा, तर कर्नलला आणखी जागा देता येत नव्हती. भोकं पाडलेली कार्डं वाचणाऱ्या यंत्राचा कोड काढला, तर भागत होतं. ओळी तीनशेच्या वर होत्या.

कार्डं आता कोणी वापरत नाही, असं सगळे म्हणत. नुसत्या म्हणण्यावर मी काही काढत नाही. त्या कोडमध्ये मोजणी घातली: प्रत्येक वापराला एकाची भर. महिनाभर शून्य राहिलं तर कोड काढायचा, असं विभागप्रमुख साहेबांसकट सर्वांसमोर सांगितलं.

महिनाअखेर आकडा आला पंचवीस. कामाचे दिवसही पंचवीसच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच यंत्राजवळ जाऊन बसलो. दहा वाजून दहा मिनिटांनी कार्डं पंच करणाऱ्या ताई आल्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. मला पाहून थबकल्या, मग दहा-बारा कार्डांचा मळका गठ्ठा यंत्रातून खडखडत काढला.

"ताई, कार्डं तर रोजची तीच दिसतात."

"मंग काय शून्य होऊ देऊ? तूच म्हणे ना भाऊ, शून्य झालं का काढतो म्हणून." गठ्ठा पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "कार्डं गेली का मले कारंज्याच्या ऑफिसात पाठवतीन, साहेबच म्हणे. हिंगणीहून रोज कशी जाऊ-येऊ? घरी सासू अंथरुणाले खिळली."

"टर्मिनलवर बसा की. कीबोर्ड तर सारखाच."

"काचेवर लिहिलं का पुसून जाते. कार्ड चुकलं तरी हातात राह्यते. तुया काचेचा काय भरवसा?"

पंचवीस लिहिले तर टर्मिनलं अडणार, शून्य लिहिलं तर ते खोटं. मी साहेबांना सगळंच सांगितलं आणि ताईंना इथेच ठेवा म्हटलं.

"अशी बनवाबनवी करणाऱ्या बाईला ठेवू म्हणता?"

"पंचवीस दिवसांत एकही खाडा नाही, सर."

साहेब हसले. "आठ दिवस टर्मिनलवर बसवा. जमलं तर राहतील."

कोड काढायचं कामच मी ताईंना दिलं. मूळ प्रत टेपवर जपून ठेवली आणि छापील पानांवर काढायच्या ओळींना लाल रेघा मारून दिल्या. एक ओळ पुसायची, पडद्यावर ती गेल्याचं पाहायचं, पानावर पेन्सिलची खूण करायची. वेग माझ्याहून जास्त, तरी प्रत्येक ओळ दोनदा पाहत. पडद्याला शिव्या चालूच.

सातव्या दिवशी त्यांनी हाक मारली. साहेबही तिथेच होते.

"भाऊ, या ओळीवर रेघ काऊन नाई? नाव तर त्याच यंत्राचं आहे."

यंत्रांच्या यादीतली ती नोंद तीनदा वाचूनही माझ्या नजरेतून सुटली होती. ती राहिली असती, तर मशीन काढून टाकलेला कोड शोधत बसलं असतं आणि नवा कर्नल तयारच झाला नसता. मी तसं साहेबांना सांगितलं.

साहेबांनी पान हातात घेऊन पाहिलं आणि परत ठेवलं. "कारंज्याला कोणाला पाठवायचं ते मी बघतो. ताई, तुम्ही पुढचं पान घ्या."

ताईंनी पान लगेच उलटलं नाही. त्यांचं बोट पुन्हा त्याच ओळीवर होतं, आणि ते उचललं असतं तर जागा चुकली असती.