वाचायचं सोडलेलं पान

श्रावणात आमच्या गल्लीतल्या देवळात दुपारची पोथी मी वाचायचो. शाळामास्तर, उच्चार स्वच्छ, म्हणून ते काम माझ्याकडं आलं आणि तीस वर्षं राहिलं. हळूहळू लोक शास्त्रही मलाच विचारू लागले. सुतक किती दिवस, सुतकात काय शिवायचं, काय नाही. ठाऊक नसलेलंही मी ठामपणे सांगायचो.

नव्वदच्या दशकात माझे थोरले भाऊ गेले. मागं भावजय आणि एकुलती एक मुलगी, मलकापूरला दिलेली. शेवटची दोन वर्षं ती माहेरी राहून बापाचं हगणंमुतणं काढत होती. तिरडी बांधून झाल्यावर ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"काका, अग्नी मी देती आबास्नी."

"मग आमी काय घरात बसून भाकऱ्या थापू?" मागून एकजण म्हणाला. दोघेचौघे हसले. दुसऱ्यानं मला विचारलं, "पोथीत काय हाय, मास्तर?"

आमच्यात अग्नी देणाऱ्याला बाराव्याला पागोटं बांधतात. पागोटं ज्याच्या डोक्यावर, शेत त्याचं. कायदा वेगळं सांगतो, पण भावकी पागोटं बघते. भावाचं बागायती शेत कळंब्याच्या अंगाला होतं आणि मला एक मुलगा होता. ते सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं.

पोथीत काय आहे हेही मला ठाऊक होतं. मुलगा नसेल तर बायकोनं, नाहीतर मुलीनं करावं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. दर श्रावणात ते पान आलं की मी दोन पानं एकदम उलटायचो. माझ्या आधीचे वाचणारेही तेच करत. ऐकायला समोर बायका असतात, त्यांना कशाला सांगा, एवढाच विचार.

"मुलीच्या हातचं बापाला पोचत नाही," मी म्हणालो. "जीव तडफडत राहतो."

नुसतं 'चालत नाही' म्हणालो असतो तर ती भांडली असती. तडफडण्याचं ऐकल्यावर ती मागं सरली. माझ्या मुलानं अग्नी दिला. पागोटंही त्यालाच बांधलं. पुढं माहेर तुटायला नको म्हणून मायलेकींनी हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या. कागद मीच वाचून दाखवला. त्यातली एकही ओळ सोडली नाही.

त्यानंतर दर श्रावणात ते पान आलं की मला पुतणी आठवायची. दहाएक वर्षांनी भावजय गेली. तेव्हा मी पुतणीकडं बोट करून सगळ्यांसमोर म्हणालो, "अग्नी हिनं द्यायचा. तसं पोथीत आहे. मागं मी खोटं सांगितलं."

"दहा वर्सांत पोथी बदलली व्हय, मास्तर?"

"म्हातारं भ्रमलंय," माझा मुलगा म्हणाला. "चला, उचला."

मी घरातून पोथी आणली, पान काढून पुढं धरलं. कुणी हात लावेना. "सुतकात पोथी शिवायची न्हाय, तुमीच सांगिटलंय की," एक म्हातारा म्हणाला.

पुतणी मात्र जवळ आली. पोथीकडं तिनं पाहिलं नाही.

"म्हंजे आबांच्या वक्ताला मी दिला असता तरी चाललं असतं?"

"चाललं असतं."

तिनं आईच्या पायांवरचं कापड सारखं केलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, काका. उद्या त्यात आनी काय तरी निघंल. आईच्या जिवाचं हाल मला नगंत."

माझ्या मुलानं मडकं उचललं. बायका दारातच थांबल्या. पुतणीच्या दोन मुली तिला बिलगून उभ्या होत्या. तिलाही मुलगा नव्हता. धाकटीनं विचारलं, "आई, तुला पन आमच्या हातचं पोचायचं न्हाय?"

"न्हाय, बाळा," ती म्हणाली. "तुज्या चुलतभावाला सांगायचं."

मी पोथी धरून तिथंच उभा होतो. तिनं मुलींना आत घेऊन दार लोटून घेतलं.