तपकिरीचा पुरावा

आता हसायचंच असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मधेमधे थांबावं लागणार नाही. ही फजिती दुसऱ्या कुणाची असती तर मी तिखटमीठ लावून सांगितली असती. माझी आहे, त्यामुळं वरून काही लावायची गरजच नाही!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कराडच्या एका कॉलेजात सिव्हिलच्या डिप्लोमाला होतो. म्हणजे दिवाळीपर्यंत होतो. आमचे एक सर स्वतःच्या तरुणपणी लिहिलेल्या पिवळ्या वहीतून पूल डिक्टेट करायचे. मी एकदा विचारलं, "सर, यातला एखादा पूल अजून उभा आहे का?" त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. मी उभा न राहता सरळ एसटी स्टँडवर गेलो, तो परत फिरलोच नाही.

पण घरी हे कोण सांगणार? आमचे वडील, म्हणजे दादा, ऊस पिकवणारा माणूस. बोलणं कमी, हात जड. त्यांचा कायदा एका ओळीचा होता. "शिकायचं नसंल तर भरती." आणि भरतीला न्यायला शेजारी रिटायर्ड सुभेदार टपूनच बसलेले. त्यांनी एकदा टेप लावून माझी छाती मोजली होती. म्हणाले, "दोन इंच कम. फुगवता येईल."

मला छाती फुगवायची नव्हती. म्हणून रोज सकाळी डबा घ्यायचा, कराडची एसटी पकडायची, संगमाच्या घाटावर बसायचं, डबा खायचा आणि चारच्या गाडीनं इंजिनियरसारखा थकलेला चेहरा करून परत यायचं. चार महिने चाललं हे! अभिनयाचं कॉलेज असतं तर पहिला आलो असतो.

संध्याकाळी सहा ते आठ मी गावातल्या वाचनालयात बसायचो. ग्रंथपालाला पगार द्यायला नको म्हणून कमिटीनं मला 'होतकरू तरुण' ठरवून फुकट बसवलं होतं. कमिटी म्हणजे सात म्हातारे आणि एक पंखा. त्यातला पंखा तेवढा कामाचा. अध्यक्ष सुभेदार. सचिव गुरुजी, ज्यांनी मला चौथीत शिकवलं आणि त्याबद्दल अजून गावाकडून आभाराची अपेक्षा धरून होते.

तर मार्च महिन्यात पत्र आलं, की साताऱ्याहून साहेब तपासणीला येणार. रजिस्टरात आहे ते प्रत्येक पुस्तक कपाटात दिसलं पाहिजे, नाहीतर ग्रँट बंद. आम्ही पुस्तकं मोजली. अकरा कमी! आणि अकराच्या अकरा कुठली? नर्स इंदुमतीची!

नर्स इंदुमती तुम्हाला माहीत नसेल. रहस्यकथांची मालिका होती ती, बारा भागांची. ही बाई सायकलवरून गावोगाव इंजेक्शनं देत फिरायची आणि जाताजाता खून उलगडायची. फौजदार आपला पंचनामाच लिहीत बसलेला असायचा. तिची एक खास रीत होती. संशयिताचं मनगट धरायचं, नाडी बघायची आणि म्हणायचं, "तोंड खोटं बोललं, नाडी नाही बोलली." मी सगळे भाग दोन दोनदा वाचले होते. एवढी हुशार बाई आपल्या गावात का नाही, असं मला फार वाटायचं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं माझ्याच डोक्यात हाणायला उपयोगी पडेल.

गुरुजी म्हणाले, "गेली ते बरं झालं. रहस्यकथा म्हणजे मेंदूला लागलेली वाळवी."

"गुरुजी, वाळवी रजिस्टरला हाय," सुभेदार म्हणाले. "अकरा जवान मिसिंग! शोधणार कोण?"

आणि मी, शहाण्यानं, हात वर केला. "चोर मी पकडून देतो."

तपास सुरू केला. बारावा भाग कपाटात शिल्लक होता. उघडला, तर ज्या पानावर खुनी सापडतो त्याच पानाच्या कडेला अंगठ्याचा काळपट ठसा. हुंगला. तंबाखूचा वास! गावात तपकीर कोण ओढतं? गुरुजी! पुढची पानं उलटली तर खूण म्हणून घातलेली कापसाची वात. एकटे राहून स्वतःच्या हातानं वाती वळून पूजा करणारा पुरुष कोण? गुरुजी! शिवाय सगळ्या कपाटावर बोटभर धूळ, पण नर्स इंदुमतीची फळी तेवढी लख्ख पुसलेली. गावात स्वच्छतेवर भाषणं कोण देतं?

खरं सांगू? पुरावा नसता तरी मला गुरुजीच हवे होते. दिवसा वाळवी म्हणायचं आणि घरी पांघरूण घेऊन वाचायचं! असल्या म्हाताऱ्यांचं सोंग उघडं पाडायची संधी परत कुठून मिळणार?

कमिटीची बैठक भरली. मी उठलो, गुरुजींच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "गुरुजी, हात बघू जरा."

"का रे?"

मी मनगट धरलं. नाडी घोड्यासारखी धावत होती! (गुरुजींना ब्लडप्रेशर होतं आणि ते नुकतेच जिना चढून आले होते, हे मला नंतर कळलं.)

"तपकीर ओढता?"

"तीस वर्षं. गावाला माहीत आहे."

"वाती स्वतः वळता?"

"मग काय तू येऊन वळणार आहेस?"

मी उभा राहिलो, पुस्तकात इंदुमती राहते तसा. "मंडळी, तोंड खोटं बोललं, नाडी नाही बोलली. पुस्तकं गुरुजींच्या घरी, त्या कायम बंद असलेल्या ट्रंकेत आहेत!"

बाकीच्या सहा म्हाताऱ्यांच्या माना गुरुजींकडं वळल्या. गुरुजी लालबुंद. त्यांनी चपला घातल्या आणि घराकडं निघाले. मागून आम्ही सगळे. वाटेत भेटेल तो "काय झालं वं?" म्हणत मागं यायला लागला. गुरुजींच्या दारात पोचेपर्यंत तीसचाळीस माणसं झाली.

गुरुजींनी सगळ्यांसमोर ट्रंक उघडली. आत पुस्तक एकही नव्हतं. आत होते भोवरे, गोट्या, गलोली आणि एक पिपाणी. नोकरीच्या सगळ्या वर्षांत पोरांकडून जप्त केलेला माल, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. गुरुजींनी शोधून एक लाल भोवरा काढला आणि चिठ्ठी वाचली. "संजय, इयत्ता चौथी. वर्गात फिरवला." मग माझ्या हातात देत म्हणाले, "मोठा झालास की मागायला येशील, म्हणून ठेवला होता. मोठा झालेला दिसत नाहीस."

शहाण्या माणसानं इथं पाय धरले असते की नाही? मी काय केलं? भोवरा खिशात घातला आणि म्हणालो, "म्हणजे पुस्तकं दुसरीकडं हलवलीत तर!"

"बस्स!" सुभेदार गरजले. "आता झडती सगळ्यांची. घर टू घर. पयला नंबर तुझा!"

"चला की!" मी म्हणालो. मला कसली भीती?

आमच्या घरी आई आणि शांताकाकी, म्हणजे सुभेदारांच्या मंडळी, उडदाचं पीठ कुटून पापडाच्या लाट्या करत बसल्या होत्या. दादा दारातच बसून दोर वळत होते. एवढी वरात बघून आई म्हणाली, "आवं या की! च्या ठेवू?"

"वयनी, सर्च हाय," सुभेदार म्हणाले.

झडती मी स्वतः घेतली. इतका आत्मविश्वास! कोठीत हात घातला, डबे उघडले, ट्रंक उपसली. "बघा! आहे काय?" म्हणत शेवटी वाकळांची चळत उचलून दाखवली.

धपाधप पुस्तकं पडली.

सुभेदारांनी वाकून मोजली. "अकरा. ऑल प्रेझेंट."

मी आईकडं बघितलं. आई पिठाकडं बघत होती. आणि पुस्तकांच्या मागून आणखी एक वही घसरत येऊन गुरुजींच्या पायाशी पडली. माझी कॉलेजची वही. वर माझ्या अक्षरात नाव, विषय सर्व्हेइंग. गुरुजींनी ती उचलली. आई पहिल्यांदाच गडबडली.

"आवं गुरुजी, ती वही नगं. ती घरातली हाय."

"घरातलीच तर झडती चालली आहे," गुरुजी म्हणाले, चष्मा लावला आणि शाळेत धडा वाचायचे त्या आवाजात सुरू झाले. आत माझं एक अक्षर नव्हतं. सगळं आईचं.

"केस पहिली. संशयित, आमचा संजय. दर शुक्रवारी वर्कशॉप म्हणतो. पण खाकी ड्रेसला दिवाळीपासून तेलाचा डाग नाही. पेनात रिफिल तीच. ही वही कोरी सापडली, म्हणून मीच वापरायला घेतली. चपलेत रोज वाळू. कॉलेजच्या वाटेला डांबर आहे, शांताबाईंनी भावाला विचारून खात्री केली. वाळू नदीला. तोंड उन्हानं रापलंय. वर्गात ऊन लागत नाही."

दादांचा दोर वळायचा थांबला होता.

"निकाल. दिवाळीपासून कॉलेज सोडलंय. घाटावर बसतो. आधी जिवाला घोर लागला होता. पण डबा पुसून खातो, म्हणजे फार मनाला लावून घेतलेलं नाही. त्याला विचारायचं नाही. आपण होऊन बोलेल."

दादा उठले. तुम्हाला म्हणून सांगतो, त्या क्षणी नर्स इंदुमती सायकलवरून आली असती तर मी तिच्या कॅरियरवर बसून पळून गेलो असतो.

पण दादांनी विचारलं आईला. "तुला कवापास्नं ठावं हाय?"

"संक्रांतीपास्नं."

"मग रोजचा डबा कशाला भरत हुतीस?"

"मग काय उपाशी बसवू घाटावर?" आई म्हणाली. मग पिठाच्या हातानं तिनं माझं मनगट धरलं, बोटं नाडीवर ठेवली, आणि म्हणाली, "रोज वाटायचं, आज बोलंल. बोल आता. सोडलंस का न्हाई?"

"सोडलं," मी म्हणालो. बाकी काय म्हणणार? नाडी तिच्या हातात होती.

"पण वयनी, पुस्तकं?" सुभेदारांना अजून कळत नव्हतं. "वाचनालयाच्या रूमला तर माझं कुलूप!"

शांताकाकी फसकन हसल्या. दातांना मिश्री, म्हणजे भाजलेला काळा तंबाखू, आणि अंगठ्यालाही मिश्री. तो अंगठा बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, चार दिवस उशिरा. "किल्ली आपल्याच खुंटीला असती न्हवं? दुपारी दोनला तुमचं घोरणं सुरू झालं की काढायची, चारला परत अडकवायची. एकदाबी चुकलं न्हाई बगा. डिसिप्लिन हाय तुमचं!"

"पण चोरून का?" गुरुजी म्हणाले.

"संध्याकाळी बाई आत आली की सात म्हातारे पेपर खाली करून बघत्यात," काकी म्हणाल्या. " आन् तुमच्याकडं दोनदा पुस्तक मागितलं गुरुजी, तर तुमी लोणच्याचं दिलंसा. लोणचं मी तुमाला शिकवीन की!" मग माझ्याकडं वळून, "आन् तू रं? फळी पुसल्याली दिसली तुला. आजवर कुठल्या बाप्यानं फळी पुसल्याली बघितलीस?"

पब्लिक एवढं हसलं की म्हशीनं दावं ताणलं.

"केस दुसरी आहे," गुरुजी म्हणाले. आता त्यांचा राग कुठल्या कुठं गेला होता, मजा येत होती म्हाताऱ्याला. "संजय पुस्तकचोर शोधतोय. शांताबाई म्हणतात, सापडतील. मी म्हणते, नाही. कारण रोज संध्याकाळी पुस्तकांची पिशवी ह्या घरून त्या घरी संजयच नेऊन देतो. चार महिन्यांत आत काय आहे हे त्यानं एकदाही बघितलं नाही. कॉलेज सुटलं ते एका परीनं बरंच झालं. असल्यानं बांधलेल्या पुलावरून माणसं जाणार होती."

होय मंडळी, ती पिशवी! काकी म्हणायच्या, "आईला दे," आई म्हणायची, "काकीला दे," आणि मी न्यायचो. बायकांच्या पिशवीत काय असणार, शेंगा नाहीतर सांडगे! शेंगा इतक्या चौकोनी कशा, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

दादांनी सुभेदारांकडं बघितलं. "सुभेदार, घिऊन जावा ह्याला भरतीला."

सुभेदारांनी मला खालून वर न्याहाळलं. मग मान हलवली. "सॉरी दादा. चार महिने डोळ्यासमोरनं माल जातोय आन् ह्याला पत्ता न्हाई. असला माणूस पहाऱ्यावर ठेवला तर रणगाडा चोरीला जाईल. अनफिट!"

अशी माझी भरती टळली. छातीमुळं नाही, अकलेमुळं.

साहेब येऊन तपासणी करून गेले, बाराच्या बारा इंदुमती फळीवर. दोन ते चार वाचनालय बायकांसाठी उघडं ठेवायचं ठरलं. चावी अधिकृतपणे शांताकाकींकडं. ज्यांना घरातून निघता येत नाही त्यांना पुस्तकं घरपोच करायचं काम दादांनी माझ्या गळ्यात टाकलं. सकाळी उसाला पाणी, दुपारी पिशवी.

तेव्हापासून एक शपथ घेतली. कुठलीही पिशवी उघडून बघितल्याशिवाय न्यायची नाही. पहिल्याच आठवड्यात काकींनी पिशवी दिली, "आईला दे." वळणावर गेल्या गेल्या उघडली. आत डबा. डबा उघडला, लाट्या! तेल लावलेल्या, गुळगुळीत. तपास पूर्ण झाला पाहिजे ना? एक तोंडात टाकली. मग दुसरी. तिसरी उचलली, तर खाली घडी केलेली चिठ्ठी, काकींच्या अक्षरात.

"बघितलंस? चार महिने उशीर झाला. लाट्या मोजून ठेवल्यात."