चटयांवरचं कुंकू

काशीत लहरताऱ्याच्या एका कुंकवाच्या कारखान्यात शरदिनी नऊ वर्षं हिशेब लिहीत होती आणि नऊही वर्षं हंगामीच होती. १९७२ च्या मार्चमध्ये मालकांनी, म्हणजे लालाजींनी, तिला कायम केल्याची चिठ्ठी टाइप करवून घेतली. सही तेवढी राहिली होती.

तिचं काम किचकट. रंगवलेली हळद चटयांवर वाळायची, मग दळली जायची. महिनाअखेरीला चटयांवर माल अर्धवट वाळलेला राही. दोनशे किलो अर्धवट माल म्हणजे शंभर किलो पुऱ्या मालाइतकं काम, असं ती धरी. मग मागच्या महिन्याचा राहिलेला खर्च या महिन्याच्या खर्चात मिसळायचा, संध्याकाळच्या आमटीत सकाळची उरलेली ओतावी तसा, आणि एकूण किलोंनी भागायचं. येईल त्या सरासरीवर लालाजी विक्रीचा भाव ठरवत.

चटया सांभाळत ते ढुंढिराजकाका, मंगला गौरीजवळचे, तिचे शेजारीच. मार्चअखेर त्यांनी लिहून पाठवलं, ‘चटयांवरचे दोनशे किलो कुंकू वाढले.’ तिने दोनशे किलो शिल्लक धरलं. ओला माल आत जाई, वाळून हलका झालेला बाहेर येई. वजनांचा मेळ कधीच बसत नसे, त्यामुळे शंकाही आली नाही. तयार चारशे आणि हे शंभर, असे पाचशे किलो. खर्च चोवीसशे. किलोला चार रुपये ऐंशी पैसे. लालाजींनी सव्वापाचच्या भावाने मोठी ऑर्डर घेतली.

दोन एप्रिलला ती गच्चीवर गेली, तर चटया गुंडाळून ठेवलेल्या.

“काका, दोनशे किलो कुठंय?”

“लिहिलं होतं ना, वाढलं म्हणून.”

“मग?”

“अगं, कुंकू संपलं म्हणतात का कधी? आईनं शिकवलं नाही तुला?”

“आमच्या घरी ‘खतम’ म्हणतात!”

म्हणजे शिल्लक काहीच नव्हतं. चोवीसशे भागिले चारशे. खरा दर सहा रुपये. किलोमागे बारा आणे तोटा.

लालाजींनी ऐकून घेतलं. “बढ़ गया मतलब खतम? बहिनजी, नौ साल बाद यही बहाना मिला?”

“आप भी तो रोज शाम को दुकान बंद कराते हुए कहते हैं, दुकान बढ़ाओ!”

“वो दुकान है. ये हिसाब है.”

काकांना बोलावलं. “पंडितजी, सच बताइए. माल खतम हुआ था कि बढ़ा था?”

काकांनी हात जोडले. “बढ़ा था, मालिक.”

“काका,” शरदिनी दातओठ खात म्हणाली, “एकदाच संपलं म्हणा. माझी नोकरी जाईल.”

“घरात सवाष्ण बायको आहे माझी. तो शब्द तोंडातून निघायचा नाही.”

लालाजींनी चिठ्ठी खणात टाकली आणि खण लावून घेतला.

कायम व्हायला तिला आणखी चार वर्षं लागली. तोवर दर महिनाअखेरीला ती स्वतः तराजू घेऊन गच्ची चढत असे. काका तोंड फिरवून बसत. “माझ्यावर भरवसा नाही राहिला,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. चटई उचलायची, झटकायची आणि वजन करायचं.