लाकडाचं इंजिन

आमचे बाबा विद्यापीठात दोन महिन्यांच्या कामाला गेले ते एकतीस वर्षांनी मोकळे झाले. आई पाहुण्यांना हे असंच सांगायची.

विद्यापीठाने इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, तेव्हा जागा मिळाली एका बंद पडलेल्या गोदामाची. विद्यार्थी चाळीस, शिक्षक पाच आणि ड्रॉइंगची टेबलं शून्य. ती करायला बाबांना बोलावलं. बाबा सुतार. शिक्षण चौथी, पण फळी नुसती हातात घेऊन ती किती सुकलीय ते सांगायचे.

टेबलं संपत आली तेव्हा प्रिन्सिपॉल डोक्याला हात लावून बसले होते. कॉलेजच्या मान्यतेसाठी तीन आठवड्यांत कमिटी येणार होती, आणि शिकवायला मागवलेलं इंजिन अजून बोटीवरच होतं.

"मुलांना शिकवू कशावर? त्या तक्त्यावर?"

भिंतीवरच्या त्या तक्त्यात इंजिनाच्या आतल्या भागांची चार चित्रं होती. बाबा बराच वेळ ती बघत राहिले.

"साहेब, हे लाकडात करू? मूठ फिरवली की दट्ट्या वरखाली होईल, झडपा उघडतील-मिटतील."

"जमेल तुम्हाला?"

"न जमायला काय झालं!"

मग बाबांना तहानभूक राहिली नाही. जेवतानाही हवेत मूठ फिरवायचे. दोनदा पाण्याचा पेला कलंडला. आईने शेवटी त्यांना भिंतीकडे तोंड करून जेवायला बसवलं.

पंधराव्या दिवशी इंजिन उभं राहिलं, पण बाबांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना.

"लहान तोंडी मोठा घास घेतो, साहेब," ते म्हणाले, "पण तक्ता चुकलाय. तिसऱ्या चित्रात आत भडका उडतो ना? मग तेव्हाच ही झडप उघडी कशी? सगळा जोर या दारातून पळून जाईल. दट्ट्याला ढकलणार कोण?"

प्रिन्सिपॉलांनी पुस्तक काढलं, पानं उलटली आणि ते मोठ्याने हसले. "अहो, आधीच्या कॉलेजातही मी तीन वर्षं याच तक्त्यावरून शिकवत होतो! एका पठ्ठ्याने विचारलं नाही."

बाबांनी झडप उघडणारी चकती नवी कातली. कमिटी आली. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवून स्वतः मूठ फिरवली, मग मधेच थांबवून मुलांना विचारत सुटले: आता काय होतंय, पुढे काय होईल? मुलं तोंडपाठ नव्हे, बघून उत्तरं देत होती. सहा महिन्यांत खरं इंजिन आणायच्या अटीवर मान्यता मिळाली.

प्रिन्सिपॉलांना बाबा वर्कशॉपचे मास्तर म्हणून हवे होते, पण नियमाला हवी दहावी. खूप डोकेफोड झाली, ऑफिस काही हलेना. शेवटी "तात्पुरते" म्हणून घेतलं, आणि दर सहा महिन्यांनी नवं पत्र येत राहिलं.

पुढे मीच त्या कॉलेजात गेले. पहिल्या वर्षी सगळ्यांना लाकडाचा सांधा करावा लागे. बाबांनी माझा हलवून पाहिला. "हलतोय. परत कर." असं तीनदा. घरी मी भांडले.

"स्वतःच्या मुलीला तरी..."

"मुलगी घरी. तिथे तुझा सांधा हलतो."

चार दिवस मी अबोला धरला. त्यांनीही मनधरणी केली नाही. चौथा सांधा त्यांनी दोन विटांवर आडवा ठेवला आणि वर चक्क उभे राहिले. "आता झाला," म्हणाले. मला रडू आलं आणि हसूही.

ते निवृत्त झाले तेव्हा ऑफिसला आठवलं, की निरोपसमारंभ फक्त कायम लोकांचा होतो. मुलांनी मग वर्कशॉपमध्येच, भुशात उभं राहून हार घातला. आई आणि मीही गेलो होतो. बोला, बोला म्हणून सगळे मागे लागले. बाबांनी घसा खाकरला.

"खिडकीजवळची करवत बोथट झालीय," ते म्हणाले. "उद्या धार लावून घ्या. विसराल."