पाठीवरचा पंधरा

कोल्हापुरात बास्केटबॉलवर बोलणारी माणसं शोधावी लागतात. फुटबॉल म्हटलं की अख्ख्या पेठा भांडायला उठतात, कुस्तीचं तर विचारूच नका. आम्ही आपले सातआठ जण, सगळे साठीच्या आसपासचे, दर रविवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या एका चहाच्या गाड्यावर जमतो. त्यात बाई मी एकटीच, शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली. आमचा विषय ठरलेला असतो. आमच्या वेळचा तो खेळाडू, ज्याला कोल्हापूरबाहेर कुणी विचारलं नाही.

डावीकडं बघून उजवीकडं पास द्यायचा. बास्केट पडली की ओरडणं नाही, नाचणं नाही, खाली वाकून मोजे वर ओढायचा. पुढं एका सरकारी खात्याच्या संघातून पगारावर बारा वर्षं खेळला, पण त्यातली निम्मी बाकावरच गेली. राज्य संघाच्या शिबिराचा शिक्का नसलेल्याला कोण पुढं घेतंय?

आणि तो शिक्का का मिळाला नाही, हे आम्हाला तोंडपाठ होतं. इथल्या फायनलला दुसऱ्या हाफमध्ये त्यानं एकट्यानं मॅच ओढून काढली. आणि शिबिराचं पत्र कुणाला आलं? त्याच्याच संघातल्या राखीव खेळाडूला! हाफनंतर जो बाकावरनं उठलासुद्धा नव्हता त्याला! 'वशिल्याचं तट्टू' म्हणून पस्तीस वर्षं आम्ही त्या माणसाला शिव्या घालत आलो. सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा, कारण त्या दिवशी मी टेबलवर होते, गुण लिहायला. माझी पहिलीच मॅच होती.

गेल्या रविवारी आमच्यातला एकजण भावाच्या ट्रंकेत सापडलेला फोटो घेऊन आला. त्याच फायनलचा. हवेत उडालेला माणूस, हात रिंगकडं, पाठ आपल्याकडं. पाठीवर नंबर पंधरा.

"हा तो नव्हे," मी म्हणाले. "त्याचा नंबर सात."

"त्योच की! हाफच्या आधी नाकावर कोपर बसलं न्हाय का? शर्ट रक्तानं माखला, मग राखीवाचा घालून खेळला. सगळ्या गावाला ठावं हाय, बाई."

सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला सोडून.

टेबलवर बसणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत हो, नंबर दिसतात. बास्केट पडली की नंबर लिहायचा आणि पुढच्याकडं बघायचं. मॅच त्यानं ओढून काढली, हे मीही नंतर लोकांच्या तोंडूनच ऐकलं होतं. शर्ट बदलला तर संघानं येऊन टेबलला सांगायचं असतं. हाफला कुणीतरी कानाशी येऊन काहीतरी बोललं होतं खरं. मी रेघा मारण्यात गुंग होते. "हो, हो," म्हणाले असणार.

घरी आले ती चप्पल न काढताच कपाटाशी गेले. पहिल्या मॅचच्या गुणपत्रिकेची कार्बन कॉपी मी कौतुकानं जपून ठेवली होती. दुसऱ्या हाफच्या रकान्यात पंधरा, पंधरा, पुन्हा पंधरा. अकरा बास्केट, सगळ्या त्या राखीवाच्या नावावर. निवड करणारे दुसऱ्या दिवशी आले होते, त्यांनी मॅच बघितलीच नव्हती, नुसते कागद बघितले होते. अगं आई गं! वशिला कुणाचाच नव्हता. पेन माझं होतं.

आणि मग ते आठवलं. मॅच संपल्यावर तो टेबलाशी आला होता, नाकात कापूस. वाकून माझ्या कागदावरून बोट फिरवत फिरवत खालपर्यंत आला, थांबला. मग म्हणाला, "अक्षर लई छान हाय, ताई." आणि गेला. ही शाबासकी मी नवऱ्याला सांगितली, सुनांना सांगितली, शाळेत तर वर्षानुवर्षं सांगितली.

सोमवारी सकाळी एसटी पकडून गगनबावड्याच्या वाटेवरचं त्याचं गाव गाठलं. अंगणात खुर्ची टाकून बसला होता, गुडघ्याला पट्टा. मी कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. तिथंच बघितलं."

"मग बोलला का नाहीत? तिथल्या तिथं दुरुस्त केलं असतं मी! वाटोळं झालं की तुमचं!" मी ओरडलेच. त्याची बायको आतून धावत आली.

"बसा आधी," तो म्हणाला. "टेबलवर बाई बसवली म्हणून सकाळपास्नं लोक बोंबलत हुती, इसरला व्हय? मी तोंड उघडलं असतं तर तुमची पैली मॅच तीच शेवटची झाली असती."

त्या दिवसानंतर मी सत्तावीस वर्षं टेबलवर बसले. माझं बघून किती पोरी टेबलवर आल्या. मला वाटायचं, माझ्या हिमतीवर.

"आणि तुमचं काय?"

तो गुडघा चोळत राहिला. "मला वाटलं, पुढल्या वर्षी हायच की निवड."

पुढल्या वर्षी निवडीच्या वेळी त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, दर रविवारी त्यावर हळहळत होतो.

मला रडू आवरेना. पिशवीतनं पेन काढलं, कागद ओढून घेतला.

"खाडाखोड नका करू, ताई," तो म्हणाला. "एवढं छान अक्षर."

मी ऐकलं नाही. अकरा वेळा पंधरा खोडला, अकरा वेळा सात लिहिला, आणि नियमाप्रमाणं प्रत्येक खाडाखोडीपाशी सही केली. शेवटच्या तीनचार सह्या तर वाचताच येत नाहीत.