कोंबडा का कोंबडी?

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही पुरता बसलेला नाही. मी सांगलीत वाढले, कॉलेजात बॉटनी घेतली. अंगात येणं, झपाटणं असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जायची. तरी हे लिहितेय... कारण इथं माझंच डोकं चालत नाही.

१९७१ च्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासर मेढ्याच्या वर, डोंगरात. मोठे दीर मिलिटरीत. त्यांना लग्नाला रजा मिळाली नाही, म्हणून मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. आवाज कधी ऐकलेला नव्हता. डिसेंबरात लढाई झाली, त्यांची पत्रं थांबली, आणि मग 'बेपत्ता' असा कागद आला. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ शालनअक्का, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची. मूलबाळ नाही. मे महिन्यात वडूजहून तिचा भाऊ आला — तिला कायमची माहेरी न्यायला. सासूबाईंनी अडवलं नाही, म्हणजे होकारच. मला त्यांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं निघायचं ठरलं. सकाळी अक्का म्हणाली, माहेरच्या पोरांना करवंदं न्यायची आहेत, चल माझ्याबरोबर. वडूजच्या कोरड्या रानात करवंदं कुठली?

आमच्या घरामागच्या चढावर करवंदाच्या जाळ्याच जाळ्या. फाल्गुनात पांढरी वासाची फुलं, चैत्रात हिरव्या फळांचं लोणचं, वैशाखात काळी करवंदं. काटे असे, की फांद्या तोडून बांधावर टाकल्या की जनावर आत शिरत नाही. तिकडं पहिलं करवंद खात नाहीत, जाळीलाच परत देतात. मी ते मुद्दाम पाळलं नाही. आणि तो खेळ तर सगळ्यांना माहीत असेल — चावायच्या आधी विचारायचं, कोंबडा का कोंबडी? आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी.

सकाळचे नऊ वाजले असतील, लख्ख ऊन. अक्का जाळीच्या पलीकडे, मी अलीकडे. करवंद दातात धरलं आणि अगदी जवळून पुरुषाचा आवाज आला, "कोंबडा का कोंबडी?"

मला वाटलं, अक्काचा भाऊ मागोमाग आला. मी म्हटलं, कोंबडा. चावलं तर पांढरं!

"हरलीस. आता जीभ दाव."

मी चिडलेच. ओळख ना पाळख, आणि ही कसली थट्टा? तणतणत वळसा घालून पलीकडे गेले. तिथं अक्का एकटी करवंदं तोडत होती. ती म्हणाली, इथं कुणीच आलं नाही. उलट मलाच विचारलं, कुणाशी बोलत होतीस? मी जसंच्या तसं सांगितलं. 'जीभ दाव' ऐकल्यावर तिनं पाटी खाली ठेवली आणि माझा दंड धरला.

"ह्ये तुला कुणी सांगितलं, कुसुम? ह्ये आमच्या दोघांतलं हाय. त्ये असंच म्हणायचं मला... दुसऱ्या कुणाला ठावं न्हाई गं."

त्या दिवशी एस.टी. गेली, पण अक्का गेली नाही. भाऊ बोल बोल बोलला आणि एकटाच परत गेला. सासूबाई म्हणाल्या, पहिलं करवंद खाल्लंस म्हणून जाळीतली बाई बोलली. अहो, पण आवाज पुरुषाचा होता!

जूनमध्ये एका मिलिटरी हॉस्पिटलातून पत्र आलं. लिहिणारा शेजारच्या कॉटवरचा, शिराळ्याकडचा जवान. दिरांच्या डोक्याला मार लागलेला, नाव-गाव काही सांगता येत नव्हतं, जवळ कागदपत्रं नव्हती. मेच्या सुरुवातीला त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि 'कोंबडी' म्हणाले. डॉक्टरांना वाटलं, खायला मागतायत. चार दिवस कोंबडीचं सूप पाजलं, ते मान फिरवायचे. एकदा ते 'कोंबडा का कोंबडी' असं सबंध पुटपुटले, तेव्हा हा जवान चमकला — हा तर आपल्या करवंदाच्या मुलखातला! मग तो एकेक गाव म्हणत गेला. पाटण, वाई, महाबळेश्वर... मेढा म्हटल्यावर दिरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मेढ्याकडचा बेपत्ता जवान कोण, हे मिलिटरीच्या कागदांत शोधून आमचा पत्ता मिळवला.

म्हणजे ते जिवंत होते! मेलेल्या माणसाचं काहीबाही लोक सांगतात, निदान ऐकलेलं तरी असतं. जिवंत माणसाच्या या प्रकाराला काय म्हणायचं? ते पुटपुटले तो नेमका जाळीतल्या आवाजाचाच दिवस होता का, तेही पत्रात नाही.

दिवाळीत ते घरी आले. मी त्यांना विचारलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं. आवाज तोच का, तेही मला सांगता येईना, कारण आता जीभ जड झाली होती. पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. त्या रात्री जेवणं झाल्यावर अक्का माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आनंदानं काही बोलेल. ती म्हणाली, "पाच म्हैनं मी कान लावून बसल्ये हुते, कुसुम. मी जाळीच्या पल्याडच हुते की... मग मला का न्हाई आलं ऐकू?"

त्यानंतर त्यांचा चांगला संसार झाला, मुलं झाली. तरी दर वैशाखात ती मला हेच विचारते.